नकाशा काढणारा गावातला माणूस

माझा व्यवसाय घरांचे नकाशे काढण्याचा. स्थापत्याची पदविका घेऊन यावलमध्ये बसलो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. इतिहासाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. जुनी गॅझेटिअर, मोजणीची टिपणे आणि मिळतील ती पुस्तके हीच माझी शाळा. या वाचनाकडे मी वळलो तो एका नाल्यामुळे, आणि तो नाला नकाशावरून मीच पुसला होता.

१९९७ ची गोष्ट. आमच्या भागातल्या एका लहान शहरालगत चार एकर शेत बिनशेती व्हायचे होते. मालक ओळखीचे, पैसे वेळेवर देणारे. शेताच्या मधून एक उथळ ओघळ जात होती. पावसाळ्याचे चार-सहा दिवस सोडले तर कोरडी, बाभळी वाढलेली. जुन्या टिपणात ती तुटक रेषेने दाखवलेली होती. ती तशीच ठेवली असती तर सात प्लॉट कमी झाले असते. मी ती हद्दीकडे सरकवली, सरळ केली आणि तिच्या जागी नऊ मीटरचा रस्ता टाकला. ले-आउट मंजूर झाला. त्या कामाच्या पैशांतून मी पहिली मोटारसायकल घेतली. आखणीचे चुने टाकत असताना शेजारच्या शेतातला एक म्हातारा बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ''अठून पानी जाये भाऊ. तुमाले मालूम नाही का?'' मला मालूम होते. मी त्याला काहीतरी तांत्रिक उत्तर दिले.

पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखले असेल. सांगेनच, पण त्याआधी मला पडलेला प्रश्न सांगतो. एखाद्या प्रदेशाची आखणी होते, तेव्हा तिथे राहणाऱ्या, तिथेच पोट भरणाऱ्या जाणकार माणसाने काय करायचे असते? आराखडे बाहेरून येतात, साहेबांना गाव माहीत नसतो, अशी आपली नेहमीची तक्रार. ती खरीच आहे. पण त्या ओघळीच्या बाबतीत बाहेरचा साहेब कुठेच नव्हता. जाणणारा मीच होतो. म्हणून आमच्या या तापी-सातपुड्यामधल्या पट्ट्यात हे पूर्वी कसे घडले, ते शोधू लागलो.

यावल हे एकेकाळी देशी कागद आणि नीळ यांसाठी ओळखले जाई. १७८८ मध्ये शिंद्यांनी ते निंबाळकरांना दिले. पुढे इंग्रज, पुन्हा शिंदे असा फेरा होऊन १८४३ मध्ये ते कायमचे इंग्रजांकडे गेले. निंबाळकरांचा किल्ला अजून नदीकाठी उभा आहे. कागद करणारा गाव आणि त्याच्याच पहिल्या मोजणीला कडाडून विरोध करणारा परिसर, ही गंमत मला वाचताना फार उशिरा लक्षात आली.

मोजणीची हकीकत १८५२ ची. इंग्रजी राज्य या भागात नवे होते, आणि दख्खनमध्ये विंगेट वगैरे अधिकाऱ्यांनी बसवलेली रयतवारी मोजणीची पद्धत आता खानदेशात येत होती. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण प्लॉटचे १०८९ चौरस फूट तोंडपाठ म्हणतो, ते त्या साखळीतून आलेले आहेत. या साखळीला सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक आडवे आले. हजारोंच्या संख्येने जमले, मोजणी थांबवा म्हणाले. कलेक्टर मॅन्सफिल्डने अखेर फौज आणून म्होरके पकडले. काही काळानंतर मोजणी झालीच.

या उठावाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. साहेबांच्या कागदांत देशमुख-पाटलांवर ठपका आहे. मोजणी झाली तर दडवलेली जमीन उघडी पडेल, म्हणून त्यांनी रयतेला चिथावले, असा. आपल्याकडची अभिमानाची तऱ्हा म्हणजे १८५७ च्या पाच वर्षे आधीचे हे बंड. मला दोन्ही अर्धवट वाटतात. साखळी घेऊन आलेला माणूस सारा वाढवणार, ही रयतेची भीती खोटी नव्हती. पण गावातले जाणकार, म्हणजे ज्यांना प्रत्येक बांधाची, प्रत्येक विहिरीची माहिती होती ते पाटील-कुळकर्णी-देशमुख, तेही निर्मळ नव्हते. त्यांच्या माहितीत त्यांचा स्वार्थ मुरलेला होता. १९९७ च्या माझ्या ट्रेसिंग पेपरवर मुरला होता, तसाच.

स्थानिक ज्ञान शुद्ध असते, असे मानणारा एक वर्ग हल्ली वाढला आहे. त्यांनी ही बाजू विसरू नये.

मग ते स्वार्थासकट चालवायचे कसे, याचेही उत्तर खानदेशानेच एके काळी काढले होते. धुळ्याकडे पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर फडाची पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, आणि ते दरवर्षी फिरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. पाटकरी गावचाच. पाण्याचा हिशेब त्याला कळतो म्हणून त्याचा मान, पण शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नाही आणि पाटकऱ्याने कुणाला झुकते माप द्यायचे नाही. त्याचा मोबदला सगळ्या फडाकडून येई, एकट्या शेतकऱ्याकडून नव्हे. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. माझा मोबदला एकट्या मालकाकडून आला होता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, ते सुरुवातीलाच नाशिक आणि खानदेशात. तेविसाव्या वर्षी त्यांनी पांझरेच्या पाटावर नळीचा सायफन बांधला. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पिकांचे गट ठरवण्याची जी ब्लॉक पद्धत बसवली, तिच्यामागे फडाची आठवण असावी, असे आपल्याकडचे पाण्याचे अभ्यासक म्हणतात. मला ते पटते. १९३४ मध्ये भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने पहिले धडे आमच्याकडच्या पाटकऱ्यांसमोर गिरवले होते, एवढे तरी नक्की.

इथून सातपुडा ओलांडू. पलीकडे नर्मदा आणि तिच्या पलीकडे होळकरांचे इंदूर, जिथे मराठी आमच्याइतकीच घरची होती. पॅट्रिक गेड्डिस हा स्कॉटिश गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. नगररचना तो स्वतःच शिकला. (माझ्यासारख्यांना तो जवळचा वाटतो, तो यामुळेही.) १९१४ नंतर त्याने हिंदुस्थानातल्या कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. त्यांतला १९१८ चा इंदूरचा अहवाल सर्वांत मोठा. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्याचा आग्रह. आणि पाहणी म्हणजे साखळी घेऊन नव्हे, पायी, बोळाबोळांतून. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत दिवाळीचीच आहे. शहरात प्लेगची धास्ती होती. गोरा माणूस नकाशा घेऊन बोळात शिरला की आता घरे पाडणार, या भीतीने लोक त्याला शिव्या घालत. त्याने होळकर महाराजांकडून एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या मोहल्ल्यांनी सर्वांत जास्त घरे झाडून-सारवून दुरुस्त केली असतील त्यांच्यातून जाईल. महिनाभर इंदूर झाडण्यात गुंतले. गाड्या भरभरून कचरा निघाला.

गोष्टीत थोडी सजावट असेल. तरी तिचा गाभा मला महत्त्वाचा वाटतो. आपले शहर झाडायचे कसे हे लोकांना ठाऊक होते. गेड्डिसने त्यांना फक्त मिरवणुकीचा मार्ग ठरवण्यात वाटा दिला.

आता आमच्या तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या आखणीकडे येतो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, आणि स्थानिक बाजू उचलून धरणारे खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. शाळेच्या पुस्तकात एवढे असते. आमच्याकडची म्हातारी माणसे नेहरूंच्या सहा बैलजोड्यांच्या रथाची गोष्ट सांगत. ती ऐकत आम्ही मोठे झालो. नकाशे काढू लागल्यावर मला त्या अधिवेशनात वेगळेच दिसू लागले: काही दिवसांसाठी वसवलेले एक अख्खे गाव.

मुदत पाहा. लखनौचे अधिवेशन एप्रिल १९३६ मध्ये झाले. त्यानंतर आठ महिन्यांत, पावसाळा मध्ये धरून, हजारो माणसांची राहण्याची, पाण्याची, जेवणाची, मलमूत्राची सोय उभी करायची होती. गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. मी चित्रकार, मला बांधकामातले काय कळते, असे नंदलालबाबू म्हणाले. त्यावर मला पट्टीचा पियानोवाला नको, मन लावून वाजवणारा साधा फिडलवाला हवा, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. टिळकनगर उभे राहिले ते बांबू, चटया आणि गावातच मिळणाऱ्या साहित्यातून. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शन उघडताना गांधीजींनी श्रेय दोघांना दिले: वास्तुरचनाकार म्हात्रे आणि चित्रकार नंदलाल बोस.

दोघेही बाहेरचे. ते खरेच आहे, आणि श्रेय त्यांचे होतेच. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला पुढचे प्रश्न पडतात. डिसेंबरात कुठले शेत मोकळे असते आणि कुठल्यात रब्बीचा हरभरा उभा असतो, हे म्हात्र्यांना कोणी सांगितले? शेत द्यायला कोण राजी होईल, कोणाच्या विहिरीचे पाणी हिवाळ्यात पुरते, कोणाचे कोणाशी वाकडे आहे? सावदा स्टेशनापासून माणसे आणायला गाड्या किती आणि कोणाकडे? बांबू तासणारे हात कोणाचे? ही माहिती कुठल्याही नकाशावर नसते. ती धनाजी नानांसारख्या माणसाजवळ असते, आणि अशा माणसाचा शब्द गावात चालतो म्हणूनच ती उपयोगी पडते. फैजपूर तसे बाजारपेठेचे गाव, छापील कापड आणि निळ्या-तांबड्या रंगाईसाठी नावाजलेले. कारागिरांची इथे वाण नव्हती. त्या कारागिरांची नावे मी शोधतो आहे. एकदोन घरांमध्ये आजोबांनी तिथे काम केल्याच्या आठवणी आहेत. कागद मात्र नाही.

त्या बांबूच्या नगरात मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम पुढे इतिहासात गेला: खंड आणि साऱ्यात कपात, कालव्याच्या पाण्याचे दर कमी करणे, शेतकऱ्यांच्या कर्जाला दिलासा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, सहकारी शेती. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद नेहरूंकडे गेले. देशाच्या नियोजनाच्या वाटेवर फैजपूरचा एक मुक्काम आहे, असे मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. हसोत. मला बोचते ते वेगळेच. तो कार्यक्रम ज्या शेतात मंजूर झाला त्या शेताने जे शिकवले होते, ते पुढच्या समित्यांपर्यंत पोहोचले नाही. प्रस्ताव दिल्लीला गेले. बांबू, विहिरी आणि गाड्यांचे गणित इथेच राहिले आणि विसरले गेले.

कायद्यात मात्र जागा ठेवलेली आहे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, देशातला पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे भाग पडले. मग धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीच्या शिफारशींच्या पाठोपाठ १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. शहराच्या हद्दीबाहेरच्या प्रदेशाचाही आराखडा हवा, हे त्याने मान्य केले. याच अधिनियमाच्या २८ व्या कलमात प्रारूप आराखड्यावरच्या हरकती ऐकणारी नियोजन समिती सांगितली आहे. त्यात पालिकेतले तीन सदस्य आणि शिवाय नगररचना संचालकांनी नेमलेल्या, विषयाचे खास ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या चारपर्यंत व्यक्ती. 'प्रत्यक्ष अनुभव' हे शब्द मी तीनदा वाचले. पदवी मागितलेली नाही. त्या खुर्च्यांवर गावातली माणसे बसू शकतात. पण आमच्यासारखे लोक हरकतींची मुदत संपल्यावर पेपरात जाहिरात वाचतात, आणि मग टपरीवर चहा पिताना आराखड्याला नावे ठेवतात. मीही त्यातलाच होतो.

याउलट उदाहरण आमच्याच तालुक्याच्या उत्तरेला आहे. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. सुमारे १७५ चौरस किलोमीटर सातपुड्याचे जंगल. आत आणि कडेला पावरा, बारेला, तडवी, भिल्लांचे पाडे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीवर दावा करण्याचा आणि ती राखण्याचा आराखडा करण्याचा अधिकार दिला. अशा एका पाड्याच्या हद्दीची आखणी चालू असताना मी दोन दिवस सोबत गेलो होतो, जीपीएस यंत्र धरणारा म्हणून. पुढे चालणारा पासष्टीचा माणूस शाळेत गेलेला नव्हता. तो थांबायचा, एखाद्या सालईकडे, एखाद्या दगडाकडे बोट दाखवायचा, आणि मी आकडा टिपायचो. शेजारच्या पाड्याचा माणूसही सोबत होता. एका झऱ्यापाशी दोघांचे जुळेना. अर्धा तास बसले, बिडी ओढली, आणि झरा दोघांचा असे ठरले. मी त्या झऱ्यावर दोन हद्दी टेकवल्या. माझ्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत बरा नकाशा असेल, आणि त्यातली कुठलीच रेषा मी ठरवलेली नव्हती. स्वार्थ तिथेही होता. पण शेजारचा माणूस समोर उभा होता.

सपाटीवरच्या आमच्या केळीच्या पट्ट्याला हे अजून साधलेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या जाड गाळात पाणी मुरते आणि आम्ही ते कूपनलिकांनी उपसतो. यावल-रावेरची भूजल पातळी खोल जात आहे, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो. तापीचे पुराचे पाणी याच पायथ्याला पसरून जमिनीत मुरवण्याची मोठी योजना आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिच्या करारावर सह्या केल्या. कालवे कुठून जातील याचे नकाशे निघतीलच. कुठली ओघळ पाणी पिते आणि कुठली नुसतीच वाहून नेते, हे कूपनलिका खोदणाऱ्या गाडीवाल्यांना, विहिरी बांधणाऱ्यांना, आमच्यासारख्या आखणी करणाऱ्यांना ठाऊक आहे. आम्हांला विचारतील का, हा एक प्रश्न. विचारले तर आम्ही खरे सांगू का, हा दुसरा.

त्या नाल्याचे राहिले. ले-आउटनंतर सहाव्या वर्षी एका रात्रीत जोरदार पाऊस झाला आणि ओघळ आपल्या जुन्या वाटेने आली. अकरा घरांत कमरेइतके पाणी. माणूस कोणी गेला नाही. एका घरातली लग्नाची सगळी खरेदी भिजली. ते घर मीच बांधून दिले होते. मला कोणी काही बोलले नाही, कारण ओघळ कुठे होती हे माझ्याशिवाय आणि त्या म्हाताऱ्याशिवाय फारसे कुणाला माहीत नव्हते. म्हातारा तोवर वारला होता.

काही वर्षांनी त्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातही ओघळ नव्हती, कारण माझ्याच मंजूर ले-आउटवरून ती हद्द उचलली होती. या वेळी मुदत संपायच्या आत हरकत दिली. जोडपत्रे दोन: मोजणीच्या जुन्या टिपणाची नक्कल, आणि १९९७ च्या माझ्या नकाशाची प्रत. कागद घेणाऱ्या कारकुनाने खालची सही पाहिली आणि मान वर केली. ''साहेब, ही तर तुमचीच सही.'' मी हो म्हणालो. सुनावणीला पाच-सात मिनिटे मिळाली. मूळ मालकांचे चिरंजीव समोरच बसले होते. त्यानंतर त्या घराण्याचे काम माझ्याकडे आले नाही.

अंतिम नकाशावर आता एक निळी रेषा आहे. रस्त्याच्या अलीकडे ती नीट दाखवली आहे, पलीकडे दोन प्लॉटपाशी थांबते. रस्त्याखाली नळ्यांची मोरी झाली. नळ्या लहान आहेत, असे मी लेखी कळवले आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की मी तिकडे चक्कर मारतो आणि मोरीच्या तोंडाशी अडकलेल्या केळीच्या पानांचा फोटो काढून अर्जाला जोडतो. यंदाचा अर्ज चौथा.